सहाणेची उडी

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे, आणि आज जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. पण तेवढ्यासाठी तोंड मिटून बसायचं म्हटलं, तर आमच्यासारख्या म्हाताऱ्या दगडांनी दिवस घालवायचा तरी कसा?

आधी एक गुपित ऐका. दगडाचं बोलणं फक्त दुधाचे दात असणाऱ्यांना ऐकू येतं. शेवटचा दुधाचा दात पडला की आमचा आवाज बंद. तुम्हाला माझं बोलणं ऐकू येतंय ना? म्हणजे तुमच्या तोंडात एखादा तरी शिल्लक आहे. जीभ फिरवून बघा.

आमच्या घरात असे कान दोनच. एक गौरांगचे, आणि त्याचे तर सगळेच दात दुधाचे. दुसरे त्याच्या मोठ्या बहिणीचे, मेघनाचे. तिचा शेवटचा दात, मागची दाढ, गेले कितीतरी दिवस हलते आहे. मेघना आता मोठी झाली आहे, म्हणून माझं बोलणं ऐकू येत नसल्याचं सोंग करते. पण मी बोलायला लागले की तिच्या पुस्तकाचं पान उलटायचं थांबतं, हे मी बघून ठेवलं आहे. ती दाढ पडायच्या आत मला तिचं एक काम उरकायचं आहे. म्हणून आजच बसले आहे सांगायला.

आत्ता आम्ही महाराजपुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर आहोत. ऊन छान पडलं आहे. आजी, म्हणजे अनसूयाबाई, आणि त्यांची लेक पद्मजा मटार सोलत बसल्या आहेत. जबलपुरात या दिवसांत माणसं दुसरं काही करतच नाहीत. चटई वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या एका कोपऱ्यावर मला ठेवलं आहे. हो, तेच माझं हल्लीचं काम. गौरांग माझ्याशेजारी पालथा पडला आहे. मेघना थोडी लांब, पाठ करून. त्या दोघी मोठ्या बायकांना माझा शब्द ऐकू जात नाही. पोरांचा मात्र जातो, हे लक्षात असू द्या.

तर माझा जन्म भेडाघाटचा. तिथले ते पांढरेशुभ्र संगमरवरी कडे तुम्ही नावेतून पाहिले असतील. त्यातल्या सगळ्यात उंच कड्याच्या टोकाशी मी होते. पौर्णिमेला चंद्र खाली उतरून माझ्यावर हनुवटी टेकवायचा.

"पर तू तर लाल आहेस न," गौरांग म्हणाला.

पोरगं भारी चौकस. मी म्हटलं, बाळा, इतकी वर्षं अंगावर हळकुंड घासून घेतलंस तर तूही लाल होशील. त्याने जरा विचार केला आणि हे पटवून घेतलं. चांगल्या श्रोत्याचं हेच लक्षण.

पाथरवटाने मला कड्यावरून उतरवलं, घासूनपुसून चपटं केलं आणि ग्वारीघाटावर विकायला मांडलं. तिथून बापूसाहेबांनी मला उचललं. बापूसाहेब म्हणजे या आजींचे यजमान, रेल्वेतले. आता नाहीत. तेव्हा ते दीक्षितपुऱ्यात राहायचे, आणि त्यांना नुकतीच मुलगी झाली होती. तीच ही पद्मजा. घरी येताच आजींनी मला धुतलं, माझ्यावर स्वतःच्या दुधाचे चार थेंब टाकले आणि पहिली गुटी उगाळली. माझ्या अंगावरची पहिली गुटी पद्मजाच्या पोटात गेली आहे, मित्रांनो. आज ती डोळ्यांवर चष्मा चढवून मटारातल्या अळ्या शोधते आहे; पण तेव्हा गुटी दिसली की अशी तोंड फिरवायची, की बापूसाहेबांना कोंबडा होऊन आरवून दाखवावं लागे.

गुटी म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. पूर्वी घरोघर तान्ह्या बाळाला सकाळी चाटवायचे. एका डब्यात सुकलेल्या मुळ्या, शेंगा, फळं. एकेक घ्यायची, माझ्या अंगावर फिरवायची. एकदा गोल फिरवलं की एक वेढा. कोणाचे किती वेढे, ते घरातल्या बाईच्या हाताला पाठ. ती सगळी माझी मित्रमंडळी. मुरडशेंग दोरासारखी पीळ घातलेली, ती पोटातल्या मुरड्यासाठी. वेखंड उग्र वासाचं, फार बडबडं. त्याला एका वेढ्यावर उठवावं लागे, नाहीतर बाळाला ओकवायचं. हिरडा शिस्तीचा मास्तर, पोट वेळेवर साफ. अतिविष नावाने भयंकर, पण नुसतंच कडू; तापाला, जुलाबाला उगाळायचे. शेवटी बदाम आणि खारीक, म्हणजे आधीच्या सगळ्यांची कडू तोंडं गोड करायला.

आणि जायफळ. जायफळ म्हणजे लाडिक मावशी. बाळाला झोप आणते. एकदा शेजारच्या तिवारी चाची आपला नातू घेऊन आल्या. पोरगं रात्रभर रडलेलं.

"अनसूया भाभी, जरा ज्यादा घिस दो न जायफल. आज तो मैं भी सोऊँ।"

"नाही चाची," आजी म्हणाल्या. "वेढ्याच्या वर एक रेघ नाही. सोएगा तो उठाने के लिए डॉक्टर लगेगा।"

चाची रुसल्या, आठवडाभर बोलल्या नाहीत. पण नातू आता कॉलेजात जातो आणि सकाळी दहापर्यंत उठत नाही, तेही जायफळाशिवाय.

माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगू तेवढ्या थोड्या. एका दसऱ्याला मिरवणुकीतल्या हत्तीने पोतंभर खोव्याच्या जिलब्या खाल्ल्या आणि मधेच बसकण मारली. पोटदुखी! देवी मागे ताटकळलेली. बापूसाहेबांनी मला आणलं, माझ्यावर मुरडशेंग उगाळली, बादलीभर. हत्तीने ती चाटली आणि असा ढेकर दिला, की दमोह नाक्यापर्यंतचे सगळे दिवे विझले.

"बादलीभर कशी?" गौरांग म्हणाला. "तू तर इतकीशी आहेस."

तेव्हा मी मोठी होते, म्हटलं. झिजले.

लांबून मेघनाच्या पाठीतून एक 'हं' असा आवाज आला. बघा. ऐकते आहे. मित्रांनो, एक अनुभवाचा बोल सांगून ठेवते: खरं जर कुठे दडून बसलं असेल, तर त्याच्या दाराशी जाऊन मोठ्याने खोटं बोलावं. खरं चिडून आपोआप बाहेर येतं.

आता गोष्ट त्या दिवसाची, ज्या दिवशी माझा हा कोपरा उडाला. इथे, बोट लाव. टवका गेलेला दिसतो ना? 

गौरांग, तेव्हा तू इवलासा होतास. तुझं बारसं होऊन गेलं होतं. मेघना पाचेक वर्षांची. आजींचे गुडघे तेव्हाही दुखायचे आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. गुडघ्यांसाठी त्यांनी ग्वारीघाटावरून एक मुळी आणली होती. बचनाग. ऐकलं आहे का नाव? नसेलच. काळपट, बोटाच्या पेराएवढी, खाली निमुळती. लेपाचं औषध. हा बचनाग म्हणजे अतिविषाचा भाऊबंद, दिसायलाही साधारण त्याच घरचा. पण अतिविष नुसतं नावाचं विष आणि हा खरोखरचा. पोटात गेला की आधी ओठ, जीभ बधिर करतो आणि मग थेट काळजाला हात घालतो. आजी तो माझ्यावर कधी उगाळायच्या नाहीत. त्याच्यासाठी मोरीपाशी एक फरशीचा तुकडा वेगळा. लेप लावला की हात साबणाने धुवायचे. आणि ठेवायचा कुठे, तर सगळ्यात वरच्या फळीवर, कान तुटलेल्या कपात.

शिवाय एक खूण होती. जे पोटात घ्यायचं नाही, त्याला लाल धागा. बिब्ब्याला लाल धागा, बचनागाला लाल धागा. गुटीच्या मुळ्यांना पांढरा. आजींचे डोळे अधू झाले तेव्हापासून बोटच आधी धाग्याची गाठ चाचपायचं. लाल धाग्याला त्या दोन गाठी मारायच्या. इतकी पक्की व्यवस्था! त्यात एकच गोम होती. ती व्यवस्था आजींच्या डोक्यात होती. घरात दुसऱ्या कोणाला त्यांनी ती सांगितलीच नव्हती.

आणि भाच्याच्या बारशाला नागपूरहून आत्या आल्या होत्या. आपल्या पद्मजाताई.

पद्मजा म्हणजे स्वच्छता. ती साबणालाही साबण लावते. बारशाच्या गडबडीत ती गप्प राहिली, पण पाहुणे जाताच पदर खोचला. त्या दिवशी आजी डोळे दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. घरी आल्या तर स्वयंपाकघर ओळखू येईना.

"बघ आई, कसं लख्ख केलं," पद्मजा म्हणाली. "अन् गुटीचा तो डबा! काय कळकट होता गं. बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू अशी ठेवतात का? सगळ्या मुळ्या धुतल्या, सुपात घालून गच्चीवर वाळवल्या, नव्या स्टीलच्या डब्यात भरल्या."

"सगळ्या आहेत न त्याच्यात?" आजींनी विचारलं. "माझं अतिविष हरवलं नाही न?"

"एक सोडली नाही! वरच्या फळीवरची कपातलीसुद्धा शोधून काढून टाकली डब्यात."

गॅसवर नेमकं त्याच वेळी दूध उतू गेलं. मनीषा, म्हणजे या पोरांची आई, बाळाला घेऊन धावली. त्या दुधाच्या वासात ते शेवटचं वाक्य आजींच्या कानांवरून वाहून गेलं.

दुसरा दिवस. सकाळ. गुडघ्यांमुळे आजींना खाली बसवेना, म्हणून मी ओट्यावर, कडेला. आजींनी डबा उघडला. बोट धागा चाचपायला गेलं, धागा नव्हता.

"धागेही काढलेस काय गं?" त्या पुटपुटल्या. पद्मजा अंघोळीला गेली होती. आजींना वाटलं, चला, डब्यात पांढऱ्या धाग्याच्याच तर होत्या.

हिरडा फिरला. मुरडशेंग फिरली. सुंठ फिरली. आणि मग, मित्रांनो, माझ्या पाठीवर तो टेकला. मी लगेच ओळखलं. अतिविष हलकं, कोरडं, खडूसारखं चालतं. हा जड, गुळगुळीत चालला. वेढा पडला आणि माझं अंग बधिर झालं. दगडाचं अंग! आजींना दिसत नव्हतं, वासाने कळेना, कारण पद्मजाने सगळ्यांना एकाच साबणाचा वास दिला होता. वर त्यांनी बदाम उगाळला, खारीक उगाळली आणि बाळाला आणायला आत गेल्या. त्याच वेळी बाळाने लंगोट ओला केला, म्हणून उशीर झाला. गौरांग, तुझ्या आयुष्यातली ती पहिली अक्कलहुशारी.

ओट्याशी मेघना उभी होती. ती रोजच असायची. खारकेचा गोड वास तिला आवडायचा. पण बाळाच्या गुटीला बोट लावायचं नाही, असा तिला दम होता.

आजी बाळाला घेऊन आल्या. बाळाने आ केला. आजींनी गुटी बोटावर घ्यायला हात पुढे केला. आता सांगा, मी काय करणार? मोठ्यांना माझं ऐकू येत नाही, आणि पाचेक वर्षांच्या पोरीचं सांगणं कोण ऐकणार? तेव्हा मी माझं सगळं बळ एकवटलं. भेडाघाटचं पाणी आठवलं, नर्मदामैयाचं नाव घेतलं, आणि ओट्यावरून उडी मारली!

"सच्ची?" गौरांग उठून बसला.

अगदी सच्ची. अशी उडी, की आधी छतापर्यंत गेले, पंख्याला वळसा घातला आणि मग धाडकन खाली. कोपरा फुटला. गुटी सगळ्या फरशीभर. आजींचं पाऊल वीतभर अंतराने वाचलं.

आणि मग काय झालं? मनीषा धावत आली. ओट्याशी कोण उभं? मेघना. तिच्या गालावर एक थप्पड बसली. 

"काहून गं असं करून राहिली आहेस? भाऊ झाला तर इतका जीव जळतो तुझा?"

मेघना रडली नाही. फ्रॉकला तोंड पुसत राहिली.

पद्मजा केस पुसत बाहेर आली. मला तिने उचललं. माझ्यावर थोडी गुटी उरली होती. "हीच देऊ या," म्हणाली, "पण फुटली आहे न, कच आला असेल." म्हणून बोटाला घेऊन तिने चाटून पाहिलं. माझ्यावरची पहिली गुटी खाल्लेली माझी पोर, इतक्या वर्षांनी पुन्हा माझी गुटी चाटत होती. माझ्या दगडी छातीत कसं झालं असेल!

"कच नाही," ती म्हणाली. "गोड आहे." आणि थोड्या वेळाने, "आई, माझे ओठ असे कसे झाले गं? मुंग्या आल्यासारखे वाटून राहिलेत."

आजी जागच्या जागी उभ्या राहिल्या. "गोड? अतिविष घातलंय त्यात. कडू लागायला पाहिजे." मग त्यांचा चेहरा उतरला. "पद्मे, लाल धाग्याची मुळी कुठाय?"

"ते कळकट धागे? मी सगळे कापून टाकले."

अंबरीशने, म्हणजे पोरांच्या बाबाने, बहिणीला तसंच गाडीत घातलं. दवाखान्यात तिच्या छातीला वायरी लावल्या. काळजाचा ठोका चुकत होता, धावत होता, थांबत होता. डॉक्टर म्हणाले, बोटाच्या टोकाएवढं गेलं म्हणून तुम्ही बोलता आहात. बाळाच्या पोटात गेलं असतं तर... पद्मजा बरी होऊन आली आणि आजींच्या गळ्यात पडून रडली. आजी म्हणाल्या, "तुझं काय चुकलं गं? लाल धागा म्हणजे काय, ते मी तुला सांगितलंच कुठं?"

घरात सगळे म्हणाले, नर्मदामैयाने वाचवलं. नारळ वाहिला. बाळाची दृष्ट काढली. मेघनाला मात्र त्या थपडेचं पुढे कोणी काही म्हणालं नाही. उलट तिचं नाव पडलं ते पडलंच. आमच्या घरात कपबशी हलली तरी म्हणतात, मेघनाच्या हाती देऊ नका, ती सहाण फोडणारी. आत्ता, मघाशी, मटाराची परात तिने उचलली तर पद्मजा हसत म्हणाली, "सांभाळून हं मेघना, तुझ्या हातून दगडसुद्धा टिकत नाही." सगळे हसले. मेघना परात ठेवून लांब जाऊन बसली. तुम्ही पाहिलंतच, पाठ करून.

त्यानंतर माझं काम सुटलं. डॉक्टरांनी बजावलं की तान्ह्याला विचारल्याशिवाय असलं काही चाटवायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. बचनाग फेकला. बिब्बा फेकला. मुरडशेंग कुठे गेली, माहीत नाही. मी आधी लोणच्याच्या बरणीवर बसले, मग दाराला टेकू झाले, आता चटईवर. कधीकधी वेखंडाची बडबड आठवते. पण मला वाईट वाटतं ते माझ्यासाठी नाही.

मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. रानातलं आहे, झाडाचं आहे, आजीच्या वेळचं आहे, म्हणून ते निरुपद्रवी असतं असं समजू नका. ओळख नसलेली मुळी, बी, पान तोंडात घालू नका. औषध जिथे ठेवाल तिथे त्याचं नाव लिहा, आणि खूण केली असेल तर ती घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि काही वेगळं लागलं, चव बिघडली, जीभ झिणझिणली, तर लगेच सांगा. रागावतील म्हणून गप्प राहू नका. आम्हा वस्तूंनाही जरा जपा. कारण वेळ आली की एखादी म्हातारी सहाणसुद्धा पंख्याला वळसा घालून उडी...

"झूठ!"

पुस्तक खाली पडलं. मेघना उभी राहिली होती. लाल चेहरा, एक हात गालावर, त्या हलणाऱ्या दाढेवर. गच्चीवर मटार सोलण्याचा आवाज थांबला. आजींनी मान वर केली. पद्मजाच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली.

"एकदम झूठ! तू कुठं उडी मारलीस? तू तर बसून होतीस, दगडासारखी! मी बोट लावलं होतं गुटीला, खारकेसाठी, अन् माझी जीभ झिणझिणली. सांगितलं असतं तर आई रागावली असती. अन् आजी तर त्याच्या तोंडात घालूनच राहिली होती. म्हणून मी ढकललं तुला! मी!"